लिपोसोममध्ये इन्सुलिन भरण्यापूर्वी

तोंडावाटे इन्सुलिन देता यावे म्हणून आपण लिपोसोम, म्हणजे लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) पटलाच्या सूक्ष्म पिशव्या, तयार करायला घेतले आहेत, तर लिपिड निवडतानाच त्याचे पटल कोणत्या तापमानाला मऊ होते हे तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. डीएसपीसी या लिपिडचे पटल साधारण 55 अंश सेल्सिअसला मऊ होते, त्यामुळे चंबूच्या आत बसलेल्या लिपिडच्या पातळ थरावर इन्सुलिनचे द्रावण सोडताना उष्णता त्याहून वर ठेवावी लागते, आणि त्या उष्णतेत 51 अमिनो आम्लांचे नाजूक इन्सुलिन गुठळ्या धरू लागते. डीपीपीसी या दुसऱ्या लिपिडचे पटल 41 अंशांनाच मऊ होते; सुरुवात त्याने करावी.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मिश्रण छान दुधाळ दिसले, म्हणून मी हरखून गेलो होतो. प्रत्यक्षात बहुतेक इन्सुलिन लिपोसोमच्या बाहेरच राहिले होते. म्हणून न अडकलेले इन्सुलिन आधी वेगळे करावे आणि मगच आत अडकलेल्याचे प्रमाण मोजावे.

जठरातील आम्लाची चिंता सगळेच करतात, पण पित्तक्षारांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ते साबणाप्रमाणे लिपिडचे पटल विरघळवतात. कोलेस्टेरॉल मिसळल्याने पटल घट्ट होते, तरी तेवढ्याने भागत नाही. उंदरांवरील प्रयोगात रिकाम्या लिपोसोमचा आणि मोकळ्या इन्सुलिनचा असे दोन्ही गट अवश्य ठेवावेत, अन्यथा रक्तशर्करा नेमकी कशाने उतरली हे सांगता येणार नाही.