कॅम्पर गाडीतली गॅसची नळी आणि रेग्युलेटर कधी बदलायचे?

टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून तीन वर्षं झाली, नळी वरून चांगली दिसते, तरी बदलायची का, असं तुम्ही विचारलंय. बदलाच. केशरी सुरक्षा नळीला साधारण 5 वर्षं देतात, पण ती ओट्याखाली न हलता पडलेल्या नळीला. आपली गाडी ताम्हिणी उतरते-चढते, एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात बंद उभी असते. मी गाडीतली नळी दर दोन वर्षांनी बदलतो. वय मोजताना नळीवर छापलेली तारीख धरा, खरेदीची नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नळीला शेगडीच्या नोझलपाशी, क्लिपच्या अगदी खाली, केसाएवढी भेग सापडली. सरळ असताना दिसत नव्हती, बोटांनी वाकवल्यावर उघडली. म्हणून दोन्ही टोकं वाकवून बघा, मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला की नळी त्याच दिवशी काढायची. काडी ओढून तपासणं कधीच नको.

रेग्युलेटर जास्त टिकतो. जर्मनीत मोटरहोमसाठी 10 वर्षांची मर्यादा आहे, तीच आपण पाळावी. त्याआधीही खटका सैल झाला, फुसफुस ऐकू आली किंवा ज्योत वरखाली व्हायला लागली, तर एजन्सीतून नवा घ्या. उघडून दुरुस्ती करू नका.

आणि एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याचं खालचं भोक चिखलाने बुजलेलं नाही ना, तेही आजच बघा.