हजेरीच्या वहीतलं लेवीय 19

प्रिय बाळा, जय ख्रिस्त.

तुझा रात्री सव्वाबाराचा मेसेज सकाळी वाचला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. साईटवर सुपरवायझर म्हणून लागून तीन महिने होत नाहीत तोच मालक सांगतात मस्टरमध्ये, म्हणजे मजुरांच्या हजेरीच्या वहीत, रोज दोन नावं जास्तीची टाक, आणि खाली सही तुझी. तू लिहिलंस की रविवारी उपासनेला जातो, तरुण संघात गाणी बसवतो, प्रार्थना करतो, पण सोमवारी साईटवर पाऊल टाकलं की त्यातलं काहीच कामाला येत नाही. हे वाचून मला फार लागलं, कारण तुम्हा पोरांना असं आम्ही मोठ्यांनीच शिकवलंय, संडे स्कूलमध्ये एकेक गोड वचन पाठ करून घेतलं आणि बाकीचा अध्याय तसाच सोडून दिला.

माझंच सांगतो. 1994 साल असेल, मी पण एका बांधकामावर हजेरी घ्यायचो आणि शनिवारी पगार वाटायचो. बाजाराचा दिवस, पाच वाजून गेलेले, सुट्टे संपले आणि मला घरी जायची घाई. वाळू चाळणारी एक बाई शेवटी राहिली होती, तिला म्हटलं मावशी, तुमचे सोमवारी घ्या. ती काही बोलली नाही. फाटकापाशी थोडा वेळ थांबली, बाजाराची पिशवी चार घड्या घालून काखेत धरलेली, ती तशीच घडीची धरून चालायला लागली, आणि मी सायकलवरून तिच्या शेजारून पुढं निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी संडे स्कूलचं वचन होतं शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याचं, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातलं 18 वं. एका पोरानं विचारलं, सर ह्याच्या वर काय लिहिलंय? म्हणून मी वरून वाचायला घेतलं आणि 13 व्या वचनाला माझा आवाजच बसला, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही, असं तिथं सरळ लिहिलंय. फक्त पाच वचनं वर! तो अख्खा अध्याय बघ एकदा, शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी राहू दे, खोटं बोलू नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आणि शेवटी शेवटी तराजू आणि मापं खरी ठेव. शेजारप्रीतीचं वचन देवानं ह्या सगळ्याच्या मधोमध ठेवलंय आणि आम्ही ते तेवढंच उचलून भिंतीवर लावलं.

त्या दिवशी उपासनेला बसवेना. प्रभू येशूनं मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5 व्या अध्यायात सांगितलंय ना, अर्पण वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी उठलो, दुकानातून सुट्टे घेतले आणि विचारत विचारत तिच्या वस्तीवर गेलो. तिनं पैसे मोजून घेतले आणि एवढंच म्हणाली, "बाजार तर काल झाला." तीस वर्षं झाली, अजून ऐकू येतं ते.

आता तुझं. तू विचारलंस नोकरी सोडू का. लगेच नको. लूकच्या शुभवर्तमानाचा 3 रा अध्याय काढ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार आले, आम्ही काय करावं म्हणून विचारलं. जकातीचा धंदा तेव्हा किती बदनाम होता, तरी त्यानं नाका सोडा असं सांगितलं नाही, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला कुणाला लुबाडू नका, आपल्या पगारात भागवा. म्हणजे जिथं आहेस तिथंच राहून जास्तीचं लिहायचं नाही, इतकं ते साधं आहे, आणि तितकंच अवघड, मला माहितीय.

मालकांशी कसं बोलायचं ते बायबलमधल्या दानीएलाकडनं शिक. बाबेलच्या दरबारात असताना राजाच्या अन्नाचा विषय निघाला तेव्हा त्यानं भांडण काढलं नाही, कारभाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हाला तपासून बघा. तू पण सगळ्यांसमोर, मुकादमासमोर विषय काढू नकोस, त्यांचा अपमान होईल आणि मग ते ऐकणार नाहीत. सोमवारी सकाळी एकटे असताना सांग, साहेब, हजर माणसं तेवढीच नावं मी लिहीन, पण सिमेंट, सळई जे वाया जातंय ते मी कमी करून दाखवतो, थोडे दिवस बघा. आणि खरंच करून दाखव, पावसाच्या आधी गोण्या फळ्यांवर रचून ताडपत्री टाकणं ही पण साक्षच आहे बाळा. बिगाऱ्यांना वचनं ऐकवत फिरू नकोस, त्यांना शनिवारी पाचच्या आत मजुरी मिळू दे.

आधी टाकलेल्या नावांचं पण बोलावं लागेल. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय उंबरावरून उतरला आणि लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला. तुझ्या खिशात त्यातलं काही आलं नसेल, तरी सही तुझी आहे, तेव्हा आजवर किती दिवस लिहिलं ते मालकांना स्पष्ट सांग आणि ते बिलातून वजा करा म्हणून विनंती कर.

ऐकलं नाही तर? जाईल कदाचित नोकरी. मी खोटा धीर देणार नाही. म्हणून आजच घरी बोलून ठेव, आईला नंतर बाहेरून कळू देऊ नकोस. आणि तशी वेळ आली तर चर्चच्या मंडळीत सांगायला लाजू नकोस, पाळकसाहेबांशी मी बोलतो, दोन-चार ठिकाणी विचारता येईल.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तरुण संघाची ट्रिप गेली होती ना तुमची? दुष्काळातनं आणलेल्या मुलींना रमाबाईंनी नुसती प्रार्थना शिकवली नाही, विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, आणि स्वतः हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. विश्वास आणि हाताचं काम त्यांनी कधी वेगळं काढलं नाही. तुझ्या हातात आज हजेरीची वही आहे.

शुक्रवारीच बँकेतून सुट्टे काढून ठेवत जा, सगळ्यांकडं फोनपे नसतं. आणि सोमवारी मालकांशी बोलणं झालं की मला फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असेन.

तुझा,
संडे स्कूलचा सर