दाढेत सोने भरावे की पोर्सिलेन?

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून माझे वय 61 वर्षे आहे. उजवीकडच्या खालच्या मागच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी चांदी भरून घेतली होती. गेल्या महिन्यात गोकाकचा करदंट खाताना त्या दाढेचा जिभेकडचा एक कोपरा तुटला. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून नस शाबूत असल्याचे सांगितले आणि पोर्सिलेन बसवण्याचा सल्ला दिला. कोल्हापूरला राहणाऱ्या माझ्या दिरांच्या दाढेत सोने आहे, ते तीस वर्षे टिकले आहे, म्हणून त्यांचा आग्रह सोन्याचा आहे. सासूबाईंची एक जुनी पाटली माझ्याकडे आहे, तिचेच सोने वापरता येईल का? मला जेवणानंतर सुपारी लागते, हेही सांगून ठेवते.
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : सुपारीचा उल्लेख तुम्ही शेवटी, जाता जाता केला आहे, परंतु माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चांदी किंवा सिमेंट जसे मऊ असताना खड्ड्यात भरले जाते आणि तिथेच घट्ट होते, तसे सोने वा पोर्सिलेन भरले जात नाही. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरण्याची एक जुनी रीत होती, पण ती आता जवळजवळ लोपली आहे. आज दाढ कोरून तिचे माप घेतात, त्या मापाचा तुकडा प्रयोगशाळेत घडवून आणतात आणि मग तो दाढेत चिकटवतात. तुकडा खड्ड्यापुरताच असेल तर त्याला इनले म्हणतात आणि दाढेचे टोकही झाकणारा असेल तर ऑनले. तुमचा कोपरा गेला असल्यामुळे तुमच्या बाबतीत प्रश्न ऑनलेचाच आहे. सोन्याचा असा तुकडा मेणाच्या साच्यावरून ओतण्याची पद्धत 1907 मध्ये विल्यम टॅगार्ट या अमेरिकी दंतवैद्याने रूढ केली. मेण जाळून त्याच्या पोकळीत धातू ओतण्याची ही युक्ती आपल्याकडचे मूर्तिकार मात्र कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत.

आता सुपारीकडे येतो. पोर्सिलेनचा स्वभाव लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीसारखा असतो. ती वरून दाबाचा भार निमूटपणे सोसते, पण एका जागी नेमका टोला बसला की टवका उडतो. सुपारीचे खांड दाढेखाली येते तेव्हा नेमका तसाच टोला बसतो. दाताच्या रंगाचे जे नवे पदार्थ आले आहेत, त्यांपैकी लिथियम डायसिलिकेट जुन्या पोर्सिलेनपेक्षा कितीतरी मजबूत आहे आणि झिर्कोनिया त्याहूनही मजबूत आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी 'पोर्सिलेन' म्हणताना यांपैकी नेमके काय मनात धरले आहे, हे त्यांना अवश्य विचारा. सोन्याचा मिश्रधातू मात्र तुटत नाही; अतिभार आला तर तो किंचित दबतो. शिवाय त्याची झीज जवळपास दाताच्या वरच्या कवचाइतकीच होते, म्हणून समोरची दाढ सुरक्षित राहते. पोर्सिलेनची झिलई गेली आणि पृष्ठभाग खरखरीत झाला, तर ते समोरच्या दाढेला कानसेसारखे घासू लागते.

दुसरा मुद्दा दाढ किती कोरावी लागेल याचा आहे, आणि रुग्ण तो क्वचितच विचारतात. सोन्याला चावण्याच्या बाजूने सुमारे 1 ते दीड मिलिमीटर जागा पुरते, तर पोर्सिलेनला तुटू नये म्हणून दीड ते 2 मिलिमीटर लागते. हा अर्धा मिलिमीटर किरकोळ वाटेल, पण वीस वर्षे चांदी बाळगलेल्या दाढेत शिल्लक दात आधीच कमी असतो आणि खाली जिवंत नस असते. पोर्सिलेन रेझिनने चिकटवताना दाढ पूर्ण कोरडी ठेवावी लागते. खालच्या मागच्या दाढेपाशी, जिथे लाळ सतत साचते, तिथे रबराचा पडदा लावल्याखेरीज ते नीट होत नाही. सोन्याला साधे सिमेंट चालते.

म्हणून तुमच्या या एका दाढेपुरते माझे मत तुमच्या दिरांच्या बाजूने आहे. चांगले बसवलेले सोने तीस वर्षे टिकणे ही अतिशयोक्ती नव्हे. हसताना दिसणाऱ्या पुढच्या दाढेबद्दल विचारले असते, तर मी निःसंकोचपणे पोर्सिलेन म्हटले असते.

सोन्याचे दोषही सांगायला हवेत. ते उष्णता चटकन वाहून नेत असल्यामुळे काही आठवडे गरम चहाने दाढ झिणझिणते. शेजारच्या किंवा समोरच्या दाढेत जुनी चांदी असेल, तर दोन धातूंच्या स्पर्शाने विजेचा बारीक झटका जाणवू शकतो, म्हणून तोंडात आणखी कुठे चांदी आहे का, ते डॉक्टरांना दाखवा. सोन्याचे काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आता मोजक्याच उरल्या आहेत आणि खर्च सोन्याच्या चढत्या भावाप्रमाणे वाढतो. तो झेपत नसेल, तर झिर्कोनियाचा ऑनले हा तुमच्यासाठी योग्य दुसरा पर्याय आहे. बाजारात सोनेरी मुलामा दिलेल्या हलक्या धातूच्या टोप्याही मिळतात, म्हणून मिश्रधातूत काय काय आहे, हे लेखी घ्यावे.

पाटलीबद्दल माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. दागिन्याचे 22 कॅरेट सोने दाढेच्या भारापुढे मऊ पडते. दंतकामाच्या मिश्रधातूत चांदी, तांबे, पॅलेडियम यांचे मोजून ठरवलेले प्रमाण असते आणि त्यावरच त्याचा टणकपणा व काळे न पडणे अवलंबून असते. जुन्या दागिन्यांच्या डाकात, म्हणजे सांधे जोडण्याच्या धातूत, काय मिसळले आहे, हे तर सराफालाही न तपासता सांगता येत नाही. ज्याला आपण 'केडीएम' म्हणतो, त्या डाकात कॅडमियम हा विषारी धातू असतो आणि तो तोंडात नको. आपल्याकडे तोंडात सोने घालायचे ते अखेरच्या क्षणी, तुळशीपत्रासोबत. त्यासाठी पाटली जपून ठेवा, असे मी गमतीने म्हणेन.

सुपारी मात्र गमतीत नेऊ नका. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे आणि ती तोंडाचे अस्तर ताठ करून जबडा उघडणे अवघड करते. तोंडात बोटे घालून पाहा. तीन बोटे उभी मावत नसतील, तर ऑनलेच्या आधी ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मी बिड्या वळते आणि रोज मिश्री लावते. पुढच्या दातांच्या मुळाशी खाचा पडल्या आहेत. पोर्सिलेन भरून घेतले तर काळे पडणार नाही ना?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : ताई, इतक्या लहान खाचांसाठी पोर्सिलेनची गरज नाही. तिथे दाताच्या रंगाचे कंपोझिट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट एकाच बैठकीत भरता येते आणि खर्चही कमी येतो. पोर्सिलेनवर डाग धरत नाहीत, हे खरे; पण त्याच्या कडेच्या सिमेंटच्या रेषेवर धरतात. मिश्रीच्या भरड घासण्यानेच दातांची झीज वाढत असते, त्यामुळे ती चालू ठेवली तर नवे भरलेलेही झिजेल. बेळगावात दोन दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, तिथे जाऊन दात दाखवा आणि हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल, तर तो दातांच्याही आधी तपासून घ्या.