बदकाच्या पिल्लांच्या खाद्यात लायसिन आणि मेथिओनिन (प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं) किती लागतं?

मका आणि सोयाबीन ढेप देऊनही पिसं उशिरा येत असतील, पिल्लं एकमेकांची पिसं ओढत असतील, तर आधी मेथिओनिन तपासा.

पेकिन या मांसाच्या जातीच्या पिल्लांना पहिले 2 आठवडे 22 टक्के प्रथिनं, 0.90 टक्के लायसिन आणि 0.40 टक्के मेथिओनिन लागतं. त्यानंतर 7 आठवड्यांपर्यंत 16, 0.65 आणि 0.30 पुरतं.

60 किलो मका, 36 किलो ढेप आणि 4 किलो खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घेतलं, तर लायसिन 1 टक्क्याच्या वर जातं. म्हणजे लायसिनवर पैसे घालवूच नका. मेथिओनिन मात्र 0.33च्या आसपास, म्हणजे पहिल्या 2 आठवड्यांच्या 0.40च्या खालीच अडकतं. 100 किलोला 80 ते 100 ग्रॅम डीएल-मेथिओनिन (कारखान्यात बनवलेलं मेथिओनिन) टाका. एवढीशी पांढरी भुकटी थेट ढिगावर टाकली तर एका घमेल्यात सगळी, दुसऱ्यात काहीच नाही. आधी किलोभर पिठात, मग दहा किलोत, मग सगळ्यात कालवा.

घरचं कच्चं सोयाबीन भरडून देऊ नका, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. आणि पावसाळ्यात बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा ढेप अजिबात नको: त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने बदक कोंबडीच्या आधी मरतं.

पाय वाकडे होत असतील तर ते बहुधा नायसिन हे ब जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे. किलो खाद्यात 55 मिलिग्रॅम हवं.