भरतपूरला जायचंय पण गुडघे साथ देत नाहीत

मागच्या अंकात राजस्थानातल्या भरतपूरच्या, पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा जाता जाता उल्लेख केला होता, तर त्यावरच एवढे प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम तिकडंच गेला. सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्यांना पाण्याची एवढी ओढ का असते हे वेगळं सांगायला नको. सगळ्यांना जागा देता आली नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मी ६४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मुलगा म्हणतो आई तिथं जंगलात हायकिंग असतं, तुला जमायचं नाही. खरंच जमणार नाही का? (जुळे सोलापूर)

काकू, मुलाला सांगा की तिथं चढायला टेकडीच नाही. सगळं सपाट आहे, अगदी आपल्या होम मैदानासारखं. गेटपासून आतल्या केवलादेवाच्या मंदिरापर्यंत सरळ डांबरी रस्ता आहे, साधारण ५ किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडं आणि झाडांच्या मागं पाणी. त्या रस्त्याला डावी-उजवीकडं मातीचे बांध फुटतात, पाण्याचे जे वेगवेगळे कप्पे केलेत त्यांच्यामधले बांध, आणि खरी मजा त्या बांधांवर आहे.

तुम्ही असं करा, गेटवरच रिक्षा घ्या. तिथले रिक्षावाले नुसते रिक्षा चालवणारे नाहीत, त्यांना पक्ष्यांचं ट्रेनिंग दिलेलं आहे, वर्षानुवर्षं तेच काम केल्यामुळं कुठल्या झाडावर घुबड बसतं हे त्यांना आपल्या घरचा पत्ता सांगावा तसं माहीत असतं. भाडं तासावर असतं, म्हणून घाई करायची नाही, आणि आपल्याला हवं तिथं "भैया, रुको" म्हणायचं. डांबरी रस्ता रिक्षानं करा आणि मध्ये एखाद्या बांधावर उतरून अर्धा किलोमीटर पायी जा, थांबा, बघा, परत या. एवढंच हायकिंग. मुलाला हवं तर भाड्याची सायकल घेऊ दे, दिवसभर हिंडू दे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. तिथं जास्त चालणाऱ्याला जास्त पक्षी दिसतात असं अजिबात नाही. दहा किलोमीटर तरातरा फिरून आलेली पोरं "काय खास नाही" म्हणत परत येताना बघितलीत आणि एका बांधावर नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्या पुढ्यात तिरंदाज पक्षी पाण्यातून मान काढतो, चोचीत आरपार घुसलेला मासा, तो हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो, हे सगळं वीस फुटांवर. त्यामुळं गुडघ्यांचं टेन्शन घेऊ नका, ते इथं तुमच्या फायद्याचेच आहेत.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत जावं की जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर? दोन्हीपैकी एकदाच जमणार आहे. (सात रस्ता)

हा प्रश्न मला फार आवडला कारण दोन्ही वेळेला दोन वेगळी भरतपूरं असतात.

पावसाळ्यात पाणी आलं की चित्रबलाक, पांढरे शराटी, पाणकावळे, बगळे असे सगळे पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी करायला लागतात, एकेका झाडावर घरट्यांची चाळच असते. खाली पाणी असल्यामुळं रानमांजर, कोल्हे वर पोचत नाहीत म्हणून ही झाडं त्यांना आवडतात. दिवाळीत गेलात तर चित्रबलाकाची पिल्लं बऱ्यापैकी मोठी झालेली असतात आणि आई-बाप आले की जो काही आरडाओरडा चालतो तो रस्त्यावरून ऐकू येतो, वासही येतो, तेवढी तयारी ठेवा. पण उत्तरेकडची बदकं तेव्हा नुकती यायला लागलेली असतात.

गड्ड्यानंतर म्हणजे जानेवारीच्या शेवटी गेलात तर घरटी रिकामी, पण पाणी बदकांनी भरलेलं. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, शिवाय पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून येणारा तो हंसासारखा पक्षी, आणि आपले वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी, तर इतके की मोजायचा नादच सोडावा. सारसही बघायला मिळू शकतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, आणि तो आपल्या भागात नाहीच, महाराष्ट्रात बघायचा तर पार गोंदियाकडं जावं लागतं. हिवाळ्यात अजगर पण ऊन खायला बिळाबाहेर येतात, रिक्षावाला दाखवेल, लांबून बघा, फोटोसाठी पुढं सरकू नका.

फक्त डिसेंबर आणि जानेवारीच्या पहिल्या निम्म्यात जाताना विचार करा, तिकडं धुकं असं पडतं की सकाळी नऊ-दहापर्यंत समोरचा बांध दिसत नाही आणि रेल्वे पण लेट होतात. थंडीचं म्हणाल तर आपली नेहमीची चादर तिथं पुरणार नाही, स्वेटर, मफलर, हातमोजे सगळं घ्या, सोलापूरचा माणूस थंडीला कायम कमी लेखतो.

एकदाच जमणार असेल आणि बरोबर मुलं असतील तर मी दिवाळी म्हणेन, पिल्लं बघून मुलं खूश होतात. मोठीच माणसं असाल तर गड्ड्यानंतर.

प्रश्न: एवढं लांब कशाला? आपलं उजनी काय वाईट आहे? भिगवणला फ्लेमिंगो येतातच की. (मोहोळ)

दादा, वाईट कोण म्हणालं? मी तर म्हणतो आधी उजनीच करा. पण दोन्हीकडं बघायची पद्धत वेगळी आहे. उजनी भीमेवरचं मोठं धरण, पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेलं असतं, आणि खोल पाण्यात फ्लेमिंगोला उभंच राहता येत नाही, त्याला चिखल आणि उथळ पाणी लागतं. म्हणून पाणी ओसरायला लागल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीनंतर तिकडं बहार असते. बघायचं ते मच्छीमारांच्या बोटीतून, चालणं फार नाही. केवलादेवमध्ये उथळ पाणी मुद्दाम कप्प्याकप्प्यात राखलंय आणि तुम्ही पायी किंवा सायकलवर पक्ष्यांच्या मधून जाता. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते, ती बघितली तर भरतपूरचा थोडा अंदाज येईल.

आणि गंमत म्हणजे केवलादेव पण निसर्गानं आपोआप केलेलं नाही. ती सखल जागा, भरतपूरच्या राजांच्या काळात अजान बांध घालून गंभीर आणि बाणगंगा नद्यांचं पुराचं पाणी तिथं वळवलं, पुढं शिकारीसाठी तळी राखली. मंदिराजवळ दगडावर शिकारीचे आकडे कोरलेत, ते आवर्जून वाचा, १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. त्याच ठिकाणाला १९८१ ला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी), १९८२ ला राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ ला युनेस्कोचा जागतिक वारसा. क्षेत्र म्हणाल तर फक्त २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाणथळ.

धरणाचं पाणी सोडायचं का शेतीला ठेवायचं हा आपला उजनीचा नेहमीचा वाद तिकडं पण आहे बरं का. गंभीर नदीवर वरच्या बाजूला पांचना धरण झालं, त्यामुळं पाणी कधी येतं, कधी येत नाही, मग चंबळचं पाणी पाइपलाइननं आणायची वेळ आली. म्हणून जायच्या आधी यंदा पाणी कसंय एवढं हॉटेलवाल्याला फोन करून विचाराच. कोरड्या वर्षी गेलात तर नीलगाई आणि चितळ बघून याल.

प्रश्न: सायबेरियन क्रौंच दिसेल का? शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. (शिक्षिका, बार्शी)

नाही ताई. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर नाही. पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून यायचे, वाटेत शिकार आणि पाणथळ जागा गेल्या. त्यांची पूर्वेकडची संख्या अजून आहे, ते पक्षी हिवाळ्यात चीनला जातात. कुणी गाइड दाखवतो म्हणाला तर हसून सोडून द्या. मुलांना मात्र ही गोष्ट नक्की सांगा, आणि लगेच आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून जवळजवळ नाहीशा झालेल्या माळढोक पक्ष्याची पण सांगा.

प्रश्न: दुर्बीण कुठली घ्यावी? दुकानदार म्हणतो जेवढा नंबर मोठा तेवढी भारी. (विजापूर रोड)

दुकानदाराला विकायचीये. ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीच्या वर हात हलला की पक्षी पण हलतो आणि दिसणारा भाग लहान होतो, नवीन माणसाला पक्षी सापडतच नाही. ४२ चं भिंग सकाळच्या अंधुक उजेडात चांगलं चालतं. यात्रेत मिळते तसली शंभर पट झूमवाली चुकूनही नको. आणि पैसे नसतील तर न घेता जा, रिक्षावाल्यांपैकी बऱ्याच जणांकडं असते.

आणि ती आणल्या आणल्या भरतपूरला पळू नका, आधी हिप्परग्याच्या तलावावर दोन-तीन रविवारी जा. सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलाव तर गावातच आहेत, पण हिप्परगा मोठा, गर्दी कमी. सकाळी सूर्य पाठीशी येईल असं उभं राहायचं नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. हळदीकुंकू बदक, शेकाट्या, टिबुकली, खंड्या, नदी सुरय एवढे ओळखता यायला लागले की केवलादेवमध्ये निम्मं पाणी तुम्हाला ओळखीचं वाटेल आणि गाइडला नव्यांबद्दल विचारता येईल. मोबाइलवर मर्लिन ॲप टाका, आवाज ओळखायला बरं पडतं, पण पक्ष्याला बोलवायला त्याचाच आवाज मोठ्यानं लावायचा नाही, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

प्रश्न: जायचं कसं आणि खाण्याचं काय? (पंढरपूर)

सोलापूरवरून कर्नाटक एक्स्प्रेस पकडा, थेट आग्रा कँटला उतरवते, रात्र गाडीतच जाते. तिथून भरतपूर रस्त्यानं ५५ किलोमीटरच्या आसपास, फत्तेपूर सिक्री वाटेवरच आहे म्हणजे ते पण होऊन जातं. उद्यानाच्या गेटजवळच राहायची सोय बघा, सकाळी गेट उघडताना तिथं हजर असलं पाहिजे, पहिले दोन तास सोन्याचे असतात. किमान दोन सकाळी ठेवा. ताजमहाल बघून दुपारी तीनला भरतपूरला पोचणाऱ्या टूरच्या नादी लागू नका.

गाडीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेहमीप्रमाणं. उद्यानात मात्र खायची पिशवी हातात लटकवून फिरू नका, माकडं आहेत आणि त्यांना पिशवीचा आवाज बरोबर कळतो, पाण्याची बाटली आणि बिस्किटं सॅकमध्ये, चेन लावून.