वर्ग हजेरीच्या आत

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. वाचून राग आला, म्हणून उत्तर लगेच लिहिलं नाही. राग बहुतेक तुझ्या एचआरवर आहे, पण थोडा तुझ्यावरही आहे, ते आधीच सांगून टाकते.

तू विचारतोस, "ताई, मी शिकवायला कमी पडतोय का?" कारखान्यातल्या तुझ्या साक्षरता वर्गाला पॅकिंगच्या आणि हाउसकीपिंगच्या बायका सुरुवातीला हौसेने यायच्या, आता चार-पाचच उरल्यात. साहेब म्हणतात, त्यांनाच इंटरेस्ट नाही. आणि तू रात्री जागून रंगीत कार्डं कापत बसलायस. ती कार्डं ठेव बाजूला. एवढ्या लांबलचक पत्रात वर्गाची वेळ तू एका कंसात उरकलीस: "शिफ्ट सुटल्यावर, सव्वातीन ते सव्वाचार". अरे, तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या कंसात आहे.

फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते. कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. ती चुकली की वाळूजच्या रांजणगावपर्यंत शेअर रिक्षाचे पैसे पदरचे. टँकर चारच्या सुमारास येतो, आणि हंडा रांगेत नसेल तर शेजारीण ओळख दाखवत नाही. पोरं शाळेतून आलेली, स्वयंपाक व्हायचाय, आणि बाई पहाटे चारपासून पायावर उभी. हिच्याकडे सव्वातीन वाजता एक मोकळा तास पडलाय, असं ठरवलं कोणी? ज्याच्या घरी चहा आयता हातात मिळतो, त्याने.

म्हणून एकच सांगते आणि हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे: वर्ग हजेरीच्या आत. कामाच्या वेळेत, पगार चालू असताना. बाकी सगळं नंतर.

तुझ्याच कारखान्यात बघ. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचं ट्रेनिंग ड्यूटीत होतं. आग लागली तर कुठून पळायचं याचं मॉक ड्रिल ड्यूटीत होतं, सायरन वाजतो, लाइन थांबते, कोणाचा पगार कापत नाहीत. नवं मशीन आलं की इंजिनिअर पोरं पुण्याला जातात, तेव्हा भत्ताही मिळतो आणि हॉटेलही. अक्षरं तेवढी बाईने स्वतःच्या वेळात शिकायची, कारण ती तिची खासगी उणीव! कंपनीने "उपकार" म्हणून खोली, पंखा आणि तुला दिलंय. तासाची किंमत मात्र बाईच्या खात्यावर.

यावर ते म्हणतील, पॅकिंगला वाचता येण्याची काय गरज? हाउसकीपिंगच्या खोलीत जा आणि कॅन बघ. एकात हायपो, म्हणजे ब्लीचचं पाणी, एकात संडास धुण्याचं ॲसिड. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, बंद मोरीत तर जिवावर बेतेल. तुझ्या बायका ते कॅन कशावरून ओळखतात विचार. झाकणाच्या रंगावरून. उद्या सप्लायर बदलला आणि निळ्या झाकणाचं पांढरं झालं तर? कॅनवर इशारा छापलेला आहेच, कायद्याची भूक भागली, वाचणारं कोणी असो वा नसो. सेफ्टी ऑफिसरला एवढं एक दृश्य दाखव. वाचणं हा कामाचाच भाग आहे हे त्याला तुझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण अपघात झाला तर जबाब त्याला द्यायचाय.

तू पत्रात रात्रशाळांचा दाखला दिलायस. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, मग आपण तासाभरासाठी कुरकुर का करायची, असा तुझा सूर. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्यांनी रात्र घेतली कारण दिवस कोणी देणार नव्हतं. जे मिळत होतं तेवढं ओढून घेतलं त्यांनी. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्याच रात्रीला परंपरा म्हणून हार घालायचा, आणि दिवस मागायचाच नाही? मुंबईत 1967 साली देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, तेच पुढे जन शिक्षण संस्थान झालं. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. मी त्याच लाटेतली. गावोगाव कंदील, अक्षरओळखीची पुस्तकं, खडू, आणि शिकवणारी पोरंपोरी सगळी विनामोबदला. आता 2022 पासून सरकारचा उल्लास हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे, तोही स्वयंसेवकांच्याच खांद्यावर. शिकवणारा फुकट, शिकणारी फुकट, आणि वर्षाअखेरीला आकडे सरकारचे. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, उमेदीची वर्षं त्यात घातलीत. पण शेतात राबणाऱ्या बाईला मालक शंभर असतात, कोणाकडे तास मागणार? तुझ्या बायकांच्या हजेरीचं रजिस्टर एका गेटवर आहे. गेट असताना तू हजेरीच्या बाहेर वर्ग भरवतोस, याचा मला राग आहे.

हे कुठे जमलंय का, असं विचारशील. जमलंय. इटलीत धातुउद्योगातल्या कामगारांनी 1973 च्या करारात शिक्षणासाठी दीडशे पगारी तास मिळवले, तीन वर्षांत वापरायचे. अट एकच, निदान तेवढेच तास कामगाराने स्वतःच्या वेळातले घालायचे. म्हणजे फुकटेपणा नव्हता, निम्मा भार मालकाचा, निम्मा आपला. त्या तासांवर हजारो कामगारांनी आपल्याकडच्या आठवीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळवलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शैक्षणिक रजेचा करार केला, क्रमांक 140. आपल्या देशाने 141 मान्य केलाय, 142 मान्य केलाय, 140 तेवढा नाही. योगायोग असेल.

आता सहीबद्दल. साहेबांना डिसेंबरपर्यंत "शंभर टक्के सही" हवी आहे, आणि तू त्याला मान डोलावून आलायस. असं करू नकोस. अंगठा उठवणाऱ्या बाईला निदान कोणीतरी विचारतं, वाचून दाखवू का? सही करणारीला कोणी विचारत नाही. नाव गिरवता आलं की घरचे तिला साक्षर सांगून मोकळे, मोजणारा टिक करून मोकळा, आणि ठेकेदार कोऱ्या व्हाउचरवर सही घेऊन मोकळा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सही सगळ्यात शेवटी शिकव, वाचता येऊ लागल्यावर.

सुरुवात पगाराच्या स्लिपपासून कर. बायकांना हिशेब येतो, भिशी चालवतात त्या, तुझ्या-माझ्यापेक्षा पक्क्या असतात. आकडे आधी घे. स्लिप इंग्रजीत असते म्हणून घाबरू नकोस. पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार विमा), पीटी (प्रोफेशनल टॅक्स) ही तीन इंग्रजी लघुरूपं चित्रासारखी ओळखायला शिकव, बाकी सगळं मराठीत. चौदा हजार पगार असेल तर ईएसआयचे पाऊण टक्क्याने 105 रुपये कापले पाहिजेत. तेवढेच आहेत का? पीएफ बेसिक आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के. एवढाच तुझ्या अंकगणिताचा धडा. तू लिहिलंस, एका बाईने स्लिपवर बोट ठेवून विचारलं, "हे दोनशे कशाचे?" आणि तू म्हणालास, "प्रोफेशनल टॅक्स, सगळ्यांचाच कापतात." नाही रे बाबा, सगळ्यांचा नाही! एप्रिल 2023 पासून आपल्या राज्यात महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. त्या बाईने तुला महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला आणि तू तिला गप्प बसवलंस. उद्याच तिच्याकडे जा, नीट सांग, आणि अर्ज तिलाच लिहू दे. दोन ओळींचा लागेल. व्याकरण तपासत बसू नकोस.

आणि बघ, हा प्रश्न तिने कुठे विचारला? वर्गात नव्हे. तुझ्याच पत्रात आहे, जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या नळापाशी. म्हणजे इंटरेस्ट आहे की नाही?

माझ्याविषयी तुला तिथे कोणी ना कोणी सांगितलंच असेल. वाळूजमधल्याच एका कारखान्यातला वर्ग मी अर्ध्यावर सोडला, हेकट बाई, असं. सोडला, खरंय. तिथे आठवड्यातले दोन दिवस, अर्धा तास, लाइनवर बदली देऊन वर्ग चालायचा आणि खोली भरलेली असायची. मग ऑर्डर वाढली, वर्ग शिफ्टनंतर ढकलला, आणि खोली महिन्याभरात ओस पडली. माझ्यापुढे कागद आला: "कामगारांच्या अनास्थेमुळे उपक्रम स्थगित." त्याखाली मी सही करायची होती. मी केली नाही आणि निघाले. सोबतची मैत्रीण अजून ऐकवते, तू राहिली असतीस तर निदान चौघी-पाचजणी शिकल्या असत्या. असत्या. एकजण जोडाक्षरांपर्यंत आली होती, बसच्या पाट्या मोठ्याने वाचायची, लोक हसायचे तरी वाचायची. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, आणि ते मनात राहिलंय. पण त्या कागदावर सही केली असती तर त्या सगळ्या बायका कायमच्या "अनास्था" या रकान्यात गेल्या असत्या, आणि पुढच्या दहा कारखान्यांनी तोच कागद दाखवला असता. चौघींसाठी चारशे जणींवर तो शिक्का मारायचा? मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. तुला पटलं नाही तर नको पटू दे, पण मला त्यावर पुन्हा पत्र लिहू नकोस.

तू मात्र एवढ्यात निघू नकोस. तुझ्याकडे अजून मागण्यासारखं बरंच आहे. एचआरकडे तास मागू नकोस, त्यांच्या हातात तास नसतात, फोटो असतात. तास लाइन सुपरवायझरकडे असतो. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सुरक्षिततेवर दहा मिनिटांचा टूलबॉक्स टॉक होतो ना? पगारी वेळ आहे ती, ऑडिटला दाखवावी लागते. त्यातले दोन दिवस माग, दहाची वीस मिनिटं करून. कॅनची नावं, मशीनवरच्या पाट्या, बॅच नंबर, हाच धडा. पंधरा दिवस चालवून दाखव, मग अर्ध्या तासाची गोष्ट काढ. आणि कोणी म्हणालं की शिफ्टनंतर सक्तीने बसवू, तर शांतपणे विचार: सक्तीचा असेल तर ओव्हरटाइम लावणार का, दुप्पट दराने? प्रश्न विचारून गप्प बस. तू बोलायला लागलास की घोळ करतोस.

एक अडचण येणारच. बायका ठेकेदाराच्या आहेत. कंपनी म्हणेल ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणेल कंपनीने सांगितलं तर बघू, आणि महिन्याअखेर ती वीस मिनिटं गुपचूप कापली जातील. तेव्हा तोंडी होकारावर वर्ग सुरू करायचा नाही. मस्टरवर त्या वेळेपुढे "प्रशिक्षण" असा शेरा आणि सुपरवायझरची सही, मगच खडू हातात घे. पहिल्या महिन्याच्या स्लिपा बायकांसोबत बसून तपास. वर्ग हजेरीच्या आत म्हणजे कागदावरसुद्धा आत.

ट्रेनिंग कोऑर्डिनेटरच्या जागेचं तू विचारलंयस. पगार बरा आहे, घे हवं तर. घरची ओढाताण मला माहीत आहे. फक्त आधी विचारून घे की ट्रेनिंग कॅलेंडरमध्ये हा वर्ग टाकण्याचा अधिकार त्या खुर्चीला आहे का. नसेल तर ती खुर्ची फोटो काढायची आहे, आणि तुझे फोटो तसेही बरे येत नाहीत.

तुझी,
ताई

ता. क. सुपरवायझरकडे एकटा जाऊ नकोस. सेफ्टी ऑफिसरला सोबत ने, आणि ते दोन कॅनही.