शून्य फीच्या पलीकडचं बर्लिन

प्रिय मुली,

रविवारी तू फोनवर यादी काढून दाखवलीस. नऊ विद्यापीठं आणि प्रत्येकापुढे फीचा आकडा. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठापुढे तू शून्य लिहिलं होतंस आणि त्याभोवती लाल गोल काढला होतास. "मावशी, फीच नाही म्हटल्यावर विचार काय करायचा?" असं म्हणालीस. तुझे बाबाही समोर होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढं हायसं वाटणं दिसत होतं की मला मध्ये बोलवेना. पण चार दिवस झाले, तो लाल गोल माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र.

आधी हे सांगते की तू जावंस असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः तिथे शिकले आणि आज वर्गात उभी राहून जे काही शिकवते त्यातलं निम्मं तिथलं आहे. फक्त तुझ्या यादीत त्या विद्यापीठाबद्दल एकच माहिती होती, आणि ती सगळ्यात कमी महत्त्वाची होती.

हे विद्यापीठ सुरू झालं ते पराभवातून. १८०६ साली येनाच्या लढाईत नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा धुव्वा उडवला. पुढच्या वर्षीच्या तहात निम्मा मुलूख गेला, त्याबरोबर हालेचं नावाजलेलं विद्यापीठही गेलं. खंडणी भरता भरता खजिना रिकामा झालेला. आणि अशा वेळी त्या लोकांनी राजधानीत, बर्लिनमध्ये, नवं विद्यापीठ काढायचं ठरवलं. शिक्षणखातं विल्हेल्म फॉन हुम्बोल्टकडे होतं, तेही जेमतेम दीड वर्ष. तेवढ्यात त्याने पाया घातला. उंटर डेन लिंडेन या हमरस्त्यावरचा राजपुत्र हाइनरिशचा वाडा राजाने देऊन टाकला आणि १८१० च्या ऑक्टोबरात २५६ विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाले. आपल्याकडच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजच्या दोन तुकड्यांएवढे.

हुम्बोल्टचं म्हणणं आज फार साधं वाटतं. शाळेत तयार ज्ञान द्यायचं, ते ठीक आहे. विद्यापीठात मात्र ज्ञान हा अजून न सुटलेला प्रश्न मानायचा. शिक्षक विद्यार्थ्यासाठी तिथे नसतो, विद्यार्थीही शिक्षकासाठी नसतो. दोघंही त्या प्रश्नासाठी एकत्र आलेले असतात. जो शिकवतो त्याने संशोधन करायचं, आणि जो शिकतो त्यानेही त्यात हात घालायचा. जगातली पुष्कळ विद्यापीठं पुढे याच कल्पनेवर उभी राहिली.

बाहेरून माणसं तिथे येत राहिली ती या पद्धतीसाठी. अमेरिकेतला कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस १८९२ मध्ये बर्लिनला आला. कृष्णवर्णीय माणसाला आपल्याच देशात ताठ मानेने बसता येत नव्हतं, तो काळ. तिथे तो दोन वर्षं अर्थशास्त्र आणि इतिहास शिकला. पण शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी मुदत वाढवून दिली नाही आणि डॉक्टरेट पुरी न करताच त्याला परत जावं लागलं. (पैशाची गोष्ट पुढे काढणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेव.) आपल्याकडून झाकीर हुसेन गेले, त्यांनी १९२६ मध्ये तिथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. राममनोहर लोहिया गेले आणि त्यांनी प्रबंधाला विषय घेतला हिंदुस्थानातला मिठावरचा कर. इकडे दांडीची यात्रा झालेली, आणि हा तरुण बर्लिनच्या ग्रंथालयात बसून त्याच मिठाचा हिशेब मांडतो. आपल्या देशाचा प्रश्न बरोबर घेऊन परक्या देशात शिकायला जावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण तुला ज्यांच्याबद्दल खरं सांगायचंय त्या इरावती कर्वे. तू समाजशास्त्राची, त्यामुळे नाव तुला परकं नाही. शाळेच्या पुस्तकातही त्यांचा लेख वाचला असशील. जन्म ब्रह्मदेशातला, इरावती नदीवरून नाव. वाढल्या पुण्यात, फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम.ए. केलं. १९२८ च्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचला, त्यांनाही सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. पती दिनकर पाठीशी होते आणि पैसे काँग्रेसच्या जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले होते. त्या काळी कर्ज काढून, बोटीने, एकटीने जाणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघ.

बर्लिनमध्ये त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्रातलं मोठं नाव. डालेम भागात त्यांची नवीकोरी संस्था होती आणि तिथे वसाहतींतून जमवून आणलेले मानवी अवशेष ठेवलेले असत. फिशरांचं गृहीतक असं, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू ज्या प्रकारे असमान असते तशी इतरांची नसते, आणि याचा संबंध बुद्धीशी आहे. हे मोजून दाखवायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली. कवट्या असमान निघाल्या, पण सगळ्यांच्याच. वंशावरून काही ठरत नव्हतं. आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. पदवी ज्याच्या हातात, त्याच्याच मताविरुद्ध. जर्मन ही शिकून घेतलेली भाषा, घरी कर्ज, परत जाताना पदवी नसेल तर तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न. तरीही आकडे जे बोलले तेच त्यांनी कागदावर उतरवलं. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मानववंशशास्त्र रुजवलं.

ज्या विद्यापीठाने त्यांना ही मोजायची शिस्त दिली, त्याच विद्यापीठाचा प्राध्यापक त्यांना चुकीचं मोजमाप सिद्ध करायला सांगत होता. त्या विद्यापीठाचं मोठेपण आणि त्याचा रोग एकाच खोलीत, एकाच टेबलावर होते. आणि तीन वर्षांनी काय झालं बघ. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हेच फिशर विद्यापीठाचे रेक्टर झाले, म्हणजे कुलगुरूच म्हण.

त्याच वर्षी १० मेच्या रात्री विद्यापीठासमोरच्या चौकात सुमारे वीस हजार पुस्तकं जाळली गेली. जाळणाऱ्यांत पुढाकार विद्यार्थ्यांचा होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला वाटतं की असली कामं गुंड करतात. त्या मुलांनी ग्रंथालयांतली पुस्तकं वेचून आणली होती, त्यांना कुठलं पुस्तक काय आहे ते कळत होतं. ज्यू असलेल्या सुमारे २५० प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना पुढच्या वर्षभरात काढून टाकण्यात आलं.

तो चौक आज बेबेलप्लाट्झ म्हणून ओळखला जातो. तू गेलीस की पहिल्याच आठवड्यात तिथे जा. लांबून काही दिसत नाही, नुसती दगडी फरसबंदी. मध्यभागी फरशीतच एक काच बसवली आहे. वाकून पाहिलंस की खाली एक पांढरी खोली दिसते, चारी बाजूंनी पांढरी फडताळं, आणि एकाही फडताळावर पुस्तक नाही. वीस हजार पुस्तकं मावतील एवढी जागा. मिशा उल्मान या शिल्पकाराने १९९५ मध्ये ते केलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा थंडी होती, काचेला आतून बाष्प धरलं होतं आणि अर्धी खोली धूसर झाली होती. हातमोज्याने पुसायला गेले, पण बाष्प आतल्या बाजूला. तशीच ओणवी राहून पाहत बसले. मागे वळले तर समोर विद्यापीठाचं फाटक. रस्ता ओलांडला की झालं, एवढंच अंतर.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं थोडक्यात सांगते. जिंकलेल्या देशांनी बर्लिन वाटून घेतलं, त्यात विद्यापीठ रशियन हद्दीत आलं, नव्या राजवटीला न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना अटका होऊ लागल्या, तेव्हा काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी १९४८ मध्ये अमेरिकन हद्दीत डालेमला फ्री युनिव्हर्सिटी काढली. म्हणून बर्लिनमध्ये तुला ही दोन्ही विद्यापीठं दिसतात. जुन्याला १९४९ मध्ये हुम्बोल्ट बंधूंचं नाव मिळालं. आत शिरलीस की जिन्याच्या भिंतीवर मार्क्सचं वाक्य सोनेरी अक्षरांत दिसेल. ते पूर्व जर्मनीच्या काळात लावलेलं, आणि बर्लिनची भिंत पडल्यावरही त्यांनी ते ठेवलं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या ती फिशरांची संस्था जिथे होती, ती इमारत आता फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. २०१४ मध्ये तिथे जवळच खोदकामात मानवी हाडांचे तुकडे सापडले. तपासणी झाली, वाद झाले, आणि २०२३ मध्ये ते सन्मानाने पुरण्यात आले. स्वतःच्या अंगणात काय गाडलं होतं ते उकरून पाहणारी आणि लोकांसमोर ठेवणारी शिक्षणसंस्था माझ्या मते विश्वास ठेवण्यासारखी असते.

आता तुझा शून्य. तो खरा आहे. सरकारी विद्यापीठ आहे, बर्लिनमध्ये बहुतेक अभ्यासक्रमांना परदेशी मुलांकडूनही शिकवणी फी घेत नाहीत. काही खास मास्टर्सना मात्र फी असते, ते आधी तपास. दर सत्राला काही शे युरोंचं वर्गणीवजा शुल्क आहे, त्यात प्रवासाचं तिकीटही येतं. पण हा जर्मनीचा कायमचा नियम समजू नकोस. बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून फी सुरू केली.

शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, आधी दाखवावे लागतात. सध्या ते ११,९०४ युरो आहेत, महिन्याला ९९२. बर्लिनमध्ये खोली मिळणं अवघड झालंय, आणि भाड्यातच त्यातले निम्मे जातील. बाबांना हा आकडा या आठवड्यातच सांग, नंतर नको. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण त्या भरवशावर कर्जाचं गणित मांडू नकोस. डुबॉइस आठवतोय ना? हुशारी कमी पडली नव्हती, पैसे कमी पडले.

आणि ते फुकट नाही. बर्लिनची भाकरी भाजणारी बाई, बस चालवणारा माणूस, यांच्या करातून तुझं शिक्षण होणार आहे. मी शिकत होते तेव्हा आमच्या घराखालच्या बेकरीतल्या आजीबाई दर शनिवारी विचारायच्या, या आठवड्यात काय शिकलीस? पहिल्यांदा मला नीट सांगताच आलं नाही. मग मी शुक्रवारी रात्री तयारी करून ठेवायला लागले.

भाषेचं सांगते. इंग्रजीतून मास्टर्स आहेत, आणि तेवढ्यावर भागेल असं तुला सगळे सांगतील. पदवी मिळेल, पण जेवणाच्या टेबलावर तू मुकी राहशील. तुझी जर्मनची ए-टू ही प्राथमिक पातळी झालीय, जायच्या आधी बी-टू ही वरची पातळी कर. मॅक्सम्युलर भवनात कर नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, पण मध्ये खंड पाडू नकोस. तुझ्या विषयातलं जे तुला वाचायचंय त्यातलं पुष्कळ अजून जर्मनमध्येच आहे.

माझा पहिला निबंध परत आला तो दिवस सांगून थांबते. वीस पानं लिहिली होती. सगळ्या मोठ्या लोकांची मतं नीट मांडली होती, तळटीपा चोख. आपल्याकडे पहिला वर्ग मिळाला असता. प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते, 'आणि तुम्ही?' तिसऱ्या पानावर, नवव्या पानावर, शेवटच्या पानावर. मार्क जेमतेम. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग त्यांच्या भेटीच्या वेळेत गेले, तर त्यांनी खुर्ची दिली आणि पाऊण तास मला फक्त विचारत राहिले, हे तुम्हाला पटतं का, का पटतं, कशावरून. सतरा वर्षांच्या शिक्षणात मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पुढच्या सत्रात मी सेमिनारमध्ये त्यांच्याच एका मुद्द्याला हरकत घेतली. आवाज कापत होता, जर्मनचे प्रत्यय चुकत होते. संपलं तेव्हा सगळ्यांनी मुठीने टेबलं वाजवली, तिथे टाळ्यांऐवजी तसं करतात. आणि प्राध्यापकांनीही वाजवलं.

तर शनिवारी संध्याकाळी ये. येताना तिन्ही वर्षांच्या मार्कशीट आण. ए.पी.एस., म्हणजे आपल्या मार्कशीट तपासणारं जर्मन कार्यालय, त्याच्या पडताळणीला वेळ लागतो, कागद आत्ताच लावून ठेवू. आणि तुझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आण, ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचा. त्यात एखादं वाक्य असेल जे तुला स्वतःला पटत नव्हतं, पण मार्गदर्शक म्हणाले म्हणून किंवा पुस्तकात होतं म्हणून तू लिहिलंस. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आण. अर्जासोबतचं पत्र आपण तिथून लिहायला घेऊ.

तुझी
मावशी